सिंथेटिक ऑइल टाकलं आणि इंजिन गळायला लागलं: 'नंतर' म्हणजे 'मुळे' का?



पेटची तयारी करणाऱ्यांना परिकल्पना, म्हणजे हायपोथिसिस, याची व्याख्या पाठ असते. एका गुणाच्या प्रश्नाला ती पुरतेही. पण मुलाखतीत "तुमच्या निरीक्षणाचं दुसरं काही स्पष्टीकरण असू शकतं का?" असं विचारलं की बरेच जण अडखळतात. कारण आपण परिकल्पना एकटीच मांडायला शिकलेलो असतो. तिच्या शेजारी तिच्या प्रतिस्पर्धी उभ्या करायच्या असतात, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आज हा मुद्दा एका उदाहरणातून बघू. विषय जुन्या गाड्यांचा आहे, पण गाड्यांची आवड नसली तरी चालेल. या उदाहरणात रसायनशास्त्र आहे, द्रवांचं भौतिकशास्त्र आहे आणि माणसाच्या निरीक्षणातल्या खोडीही आहेत.

निरीक्षण असं. चाळीस-पन्नास वर्षं जुनी गाडी. आयुष्यभर साधं खनिज तेल, म्हणजे मिनरल ऑइल वापरलेलं. मालक हौसेने महागडं सिंथेटिक ऑइल टाकतो आणि काही दिवसांत गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागतात. निष्कर्ष लगेच तयार: "सिंथेटिकमुळे सील गेलं." अमेरिका-युरोपातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ही समजूत १९७०च्या दशकापासून आहे, आपल्याकडच्या गॅरेजमध्येही ती ऐकू येते.

या निष्कर्षावर पैसे लागलेले असतात, हे लक्षात घ्या. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील बदलायचं तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, काहींत अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. सीलची किंमत किरकोळ, मजुरी भरमसाट. आणि कारण दुसरंच असेल तर एवढं करूनही डाग तसेच राहणार.

सगळ्यांची आवडती परिकल्पना: रबर आकसतं

आधी हे स्पष्ट करू की ही समजूत नुसती अफवा नाही. तिच्यामागे खरं रसायनशास्त्र आहे.

इंजिन ऑइलचा मोठा भाग 'बेस ऑइल' असतो, उरलेली रसायनं म्हणजे ॲडिटिव्ह. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट बेस ऑइलचे पाच गट करते. पहिला गट जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या खनिज तेलांचा. दुसऱ्या-तिसऱ्या गटात हायड्रोजनची प्रक्रिया करून जास्त शुद्ध केलेली तेलं. चौथ्यात पॉलिअल्फाओलेफिन, ज्याला पीएओ म्हणतात. आणि बाकी सगळी, एस्टर धरून, पाचव्या गटात.

इंजिनातली रबरी सीलं बऱ्याचदा नायट्राइल रबराची असतात. रबर तेलात बुडालं की थोडं तेल पिऊन फुगतं. किती फुगेल हे दोघांचा स्वभाव किती जुळतो यावर ठरतं. पहिल्या गटातल्या तेलांत ॲरोमॅटिक रेणू बऱ्यापैकी असतात, ते नायट्राइलमध्ये सहज शिरतात आणि सील जरा फुगलेलं राहतं. पीएओमध्ये ॲरोमॅटिक रेणू जवळपास नसतातच. त्यामुळे सील फारसं फुगत नाही. उलट रबरात मुळात मिसळलेलं प्लॅस्टिसायझर तेलात उतरलं तर सील आकसतंही.

हा स्वभाव मोजायची एक जुनी युक्ती आहे, ॲनिलिन बिंदू. तेल आणि ॲनिलिन समान आकारमानात घेऊन तापवायचं. ज्या तापमानाला दोन्ही एकजीव होतात तो ॲनिलिन बिंदू. तो जितका कमी, तितकं तेल जास्त ॲरोमॅटिक आणि तितकं रबर जास्त फुगणार. रबराच्या चाचण्यांत वापरली जाणारी प्रमाण तेलं याच हिशोबाने निवडलेली आहेत. आयआरएम ९०१ चा ॲनिलिन बिंदू साधारण १२४ अंश सेल्सिअस, तर आयआरएम ९०३ चा ७० अंश. पहिल्यात रबर जेमतेम फुगतं, दुसऱ्यात चांगलंच.

आता जुन्या सीलचा विचार करा. दशकानुदशकं उष्णता खाऊन ते कडक झालंय, त्याची लवचीकता गेलीये. शाफ्टला ते टेकून आहे ते थोडंफार फुगलेलं असल्यामुळे. तो फुगवटा गेला की फट पडणार. यंत्रणा पटण्यासारखी आहे.

अमेरिकेत ॲमसॉइल १९७२ मध्ये आणि मोबिल १ हे १९७४ मध्ये बाजारात आलं. गळतीची ही समजूत त्याच काळातली. पुढे तेल बनवणाऱ्यांनी पीएओमध्ये थोडं एस्टर किंवा रबर फुगवणारे दुसरे घटक मिसळून हा तोटा भरून काढला. आज युरोपच्या एसीईए मानकांत आणि २०१० पासूनच्या एपीआय एसएन श्रेणीत तेल रबराला मानवतं का, याची चाचणीच घातलेली आहे.

इथे संशोधनाचा पहिला धडा. एखादा दावा एका काळात खरा असू शकतो आणि दुसऱ्या काळात कमजोर. साहित्याचा आढावा घेताना "कोणी म्हटलंय" एवढंच लिहून थांबू नका. "कधी, आणि कोणत्या वस्तूबद्दल म्हटलंय" हेही लिहा.

'सिंथेटिक' म्हणजे नक्की काय?

दुसरा धडा स्वतंत्र चलाबद्दल, म्हणजे इंडिपेंडंट व्हेरिएबलबद्दल. इथे आपलं स्वतंत्र चल 'सिंथेटिक तेल' आहे. पण हा शब्द स्वतःच घसरडा आहे.

एकेकाळी सिंथेटिक म्हणजे पीएओ किंवा एस्टर, असं सरळ होतं. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादात तिथल्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने निर्णय दिला. त्यानंतर तिथे तिसऱ्या गटाचं, म्हणजे खनिज तेलापासूनच पण जबरदस्त प्रक्रिया करून बनवलेलं तेलही सिंथेटिक म्हणून विकणं रुळलं. म्हणजे दोन डब्यांवर एकच शब्द, आत दोन वेगळे पदार्थ. एकाने पीएओ वापरलं, दुसऱ्याने तिसऱ्या गटाचं वापरलं आणि दोघांनी "सिंथेटिकने गळती झाली, नाही झाली" असा वाद घातला, तर ते दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत.

तुमच्या विषयात असे शब्द शोधा. 'ऑनलाइन शिक्षण', 'सेंद्रिय शेती', 'ग्रामीण महिला'. लेबल एक, आत अनेक गोष्टी. सिनॉप्सिसमध्ये कार्यकारी व्याख्या मागतात ती यासाठीच.

प्रतिस्पर्धी परिकल्पना उभ्या करू

भूगर्भशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक इशारा दिला होता. संशोधकाने एकच परिकल्पना धरली की तो तिच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम करू लागतो, म्हणून एकाच वेळी अनेक परिकल्पना घेऊन काम करावं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९६४ मध्ये जॉन प्लॅट यांनी त्याच नियतकालिकात पुढची पायरी सांगितली: परिकल्पना नुसत्या मांडू नका, त्यांतली एखादी बाद करेल असा प्रयोग आखा.

तर गळतीच्या परिकल्पना मांडू.

पहिली, रबर आकसणं. ती आपण पाहिली.

दुसरी, गाळ धुतला जाणं. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा काळा गाळ साचलेला असतो. सील आधीच झिजलेलं, पण गाळाने फट बुजवलेली. नव्या तेलातल्या डिटर्जंटनी तो गाळ सोडवला की लपलेली गळती उघडी पडते. इथे तेलाने सील बिघडवलेलं नाही, बिघडलेलं सील दाखवून दिलंय.

तिसरी, तेल पातळ होणं. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जुन्या गाडीत बहुधा २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल असतं. सिंथेटिक घेताना मालक बरेचदा ५डब्ल्यू-३० घेतो, कारण दुकानात तेच समोर असतं. म्हणजे एका बदलाच्या नावाखाली दोन बदल झाले, बेस ऑइलही बदललं आणि ग्रेडही.

चौथी, योगायोग आणि लक्ष जाणं. ऑइल बदलताना इंजिन खालून पुसलं, ड्रेन प्लग उघडून परत बसवला, तेलाची पातळी पूर्ण भरली. महागडं तेल टाकलंय म्हणून मालक रोज वाकून बघायला लागला. गळती आधीही होती, पण तेव्हा कोणी बघत नव्हतं.

शिवाय नमुना निवडीची गडबड आहेच. ज्यांची गाडी गळली नाही ते गॅरेजमध्ये जात नाहीत आणि कोणाला सांगतही नाहीत. मेकॅनिकच्या अनुभवात फक्त गळलेल्या गाड्या जमा होतात. त्याचा अनुभव खोटा नाही, पण त्याचा नमुना एकतर्फी आहे.

थोडं गणित करू

तिसऱ्या परिकल्पनेत किती दम आहे ते आकड्यांत पाहू. बारीक फटीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या समप्रमाणात आणि द्रवाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे व्हिस्कॉसिटीच्या, व्यस्त प्रमाणात असतो. बाकी सगळं तेच ठेवून व्हिस्कॉसिटी निम्मी केली तर गळती दुप्पट.

एसएई मानकाप्रमाणे १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडचं तेल १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावं लागतं आणि ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५ च्या दरम्यान. ४० अंशांना फरक आणखी वाढतो: २०डब्ल्यू-५० बहुधा दीडशेच्या आसपास किंवा पुढे, तर ५डब्ल्यू-३० साठ-सत्तरच्या घरात. म्हणजे सीलला काहीही न होता, तीच फट, तेच इंजिन, आणि बंद गाडीखालचा डाग दुपटीहून मोठा होऊ शकतो.

फटीच्या बाजूनेही बघा. फट १० टक्के रुंदावली तर १.१ चा घन, म्हणजे १.३३. गळती ३३ टक्क्यांनी वाढली. म्हणजे रबर थोडं आकसण्याचा परिणामही क्षुल्लक नाही. पण पन्नासवरून तीस ग्रेडवर येण्याच्या परिणामाला गाठायचं असेल तर फट २५ टक्क्यांहून जास्त रुंदावायला हवी. असा हिशोब घातला की कोणती परिकल्पना आधी तपासायची ते कळतं.

रबर नसलेलं सील

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आकसण्याची परिकल्पना खरी असेल तर गळती फक्त रबरी सीलपाशी व्हायला हवी. पण सगळ्या जुन्या इंजिनांत मागच्या टोकाला रबर असतंच असं नाही.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन घ्या. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली आपली हिंदुस्तान ॲम्बेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनायची. तिच्यातही हेच १४८९ सीसीचं इंजिन अनेक वर्षं होतं. या इंजिनाच्या तीन बेअरिंगच्या जुन्या रूपात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नसतं. शाफ्टवर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. शाफ्ट फिरला की ते आटे तेलाला परत आत ढकलतात. गाडी थांबली की ढकलणं थांबतं आणि उरलंसुरलं तेल ओघळतं. अनेक जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत तिथे ग्रॅफाइट लावलेली दोरी भरलेली असते. खालच्या टाकीच्या, म्हणजे संपच्या, आणि वरच्या झाकणाच्या गॅस्केट बऱ्याचदा बुचाच्या लाकडाच्या असतात.

अशा इंजिनात सिंथेटिक टाकल्यावर आट्यांपाशी गळती वाढली, तर "रबर आकसलं" हे कारण असूच शकत नाही. आकसायला रबरच नाही. तिथे पातळ तेल, झिजलेली फट किंवा इंजिनाच्या पोटातला हवेचा दाब याच दिशेने बघावं लागेल. ब्रीदरची नळी तुंबली की हा दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर येतं.

एखादी परिकल्पना बाद करायला नेहमी प्रयोगशाळाच लागते असं नाही. कधी कधी नीट वस्तू बघणं पुरतं.

भाकितं कुठे वेगळी होतात?

चारही परिकल्पना एक गोष्ट सारखीच सांगतात: तेल बदलल्यावर डाग दिसेल. म्हणून 'डाग दिसला' हा पुरावा कुठल्याच परिकल्पनेच्या बाजूने नाही. त्यांची भाकितं जिथे फुटतात तिथे मोजायला हवं. अशी तीन ठिकाणं आहेत.

एक, वेळ. पातळ तेलाचा परिणाम लगेच, पहिल्याच रात्री दिसेल. रबर आकसायला गरम तेलात बरेच दिवस जावे लागतात. गाळही हळूहळू सुटतो.

दोन, परत जुनं तेल टाकल्यावर काय होतं. कारण पातळपणा असेल तर जाड तेल टाकताच गळती पूर्वीइतकी होईल. रबर असेल तर हळूहळू आणि कदाचित अर्धवट कमी होईल. गाळ असेल तर कमी होणार नाही, कारण धुतलेला गाळ परत साचायला वर्षं लागतील. एकाच विषयावर आधी, नंतर आणि पुन्हा आधीसारखं मोजण्याच्या या रचनेला एबीए आराखडा म्हणतात. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रवाल्यांना तो ओळखीचा असेल.

तीन, दोन चलं वेगळी करणं. सिंथेटिकमध्येही १५डब्ल्यू-५० आणि २०डब्ल्यू-५० मिळतात. ग्रेड जाडच ठेवा, फक्त बेस ऑइल बदला. गळती वाढली नाही तर दोष पातळपणाचा होता. वाढली तर रबर आणि गाळ या दोन उरतात, आणि त्यांचा निकाल दुसरी कसोटी लावते. मात्र ग्रेड हा एकच आकडा नसतो, तो पट्टा असतो. म्हणून डब्यावरच्या ग्रेडवर न थांबता तेलाच्या माहितीपत्रकातली ४० आणि १०० अंशांची व्हिस्कॉसिटी जुळवून बघायची.

मोजायचं कसं? डिपस्टिकवर नाही. तेल कमी होण्यात जळालेलं तेलही येतं, आणि आपलं परतंत्र चल गळती आहे. शोषून घेणारा कागद वजन करून रात्रभर गाडीखाली ठेवायचा आणि सकाळी परत वजन करायचं. सगळ्यात महत्त्वाचं, हे तेल बदलण्याआधी निदान काही रात्री करायचं. बेसलाइन नसेल तर चौथ्या परिकल्पनेला उत्तरच देता येत नाही. आणि जागा शोधायला तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली बघतात. कारण वरच्या झाकणातून गळलेलं तेल मागे ओघळत येतं आणि मागचं सील गेल्यासारखं दिसतं.

प्रयोगशाळेत काय करतात?

रबराची परिकल्पना थेट तपासायला एएसटीएम डी४७१ ही प्रमाण चाचणी आहे. रबराचा तुकडा ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ, उदाहरणार्थ ७० तास, तेलात ठेवायचा. आधी आणि नंतर त्याचं हवेत आणि पाण्यात वजन करायचं. दोन्हींतला फरक आकारमान सांगतो. हे आपलं शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्वच.

समजा सुरुवातीला तुकडा हवेत २.००० ग्रॅम आणि पाण्यात ०.३५० ग्रॅम भरला. फरक १.६५०, म्हणजे आकारमान १.६५० घन सेंटिमीटर. तेलात ठेवून काढल्यावर हवेत १.९५५ आणि पाण्यात ०.३५५. फरक १.६००. बदल झाला उणे ०.०५०, म्हणजे साधारण ३ टक्के आकसलं.

पण इथे मुलाखतीत विचारतील असा प्रश्न आहे. हा तुकडा कोणत्या रबराचा? चाचणीत बहुधा नवं रबर घेतात. चाळीस वर्षं गरम तेलात राहून कडक झालेलं सील वेगळा पदार्थ झालेला असतो. नव्या रबरावरचा निकाल जसाच्या तसा त्याला लावता येत नाही. हीच बाह्य वैधता. प्रयोग निर्दोष असूनही निष्कर्ष हव्या त्या जागी पोचत नाही, तो असा.

मग खरं कारण कोणतं?

पीएओ आणि जुनं नायट्राइल यांच्यातला प्रश्न खरा आहे, आणि सुरुवातीच्या काळात रबराच्या परिकल्पनेला वजन होतं. आजच्या प्रमाणित तेलाबाबत मी तपासाची सुरुवात ग्रेड आणि ब्रीदर यांपासून करेन. त्या दोन तपासण्या स्वस्त आहेत आणि इंजिन न उघडता एकेक परिकल्पना बाद करतात. महागडी, परत न फिरवता येणारी पायरी शेवटी. संशोधनातही हाच क्रम ठेवा. फील्डवर्कला सहा महिने घालवण्याआधी, आहे त्या माहितीतून कोणती परिकल्पना बाद होते ते बघा.

आता तुमच्यासाठी अभ्यास. तुमच्या नियोजित विषयातलं एक वाक्य घ्या, ज्यात 'अमुक झाल्यानंतर तमुक वाढलं' असं आहे. त्याला चार स्पष्टीकरणं लिहा. प्रत्येकापुढे एक असं भाकीत लिहा जे बाकीची तीन करत नाहीत. चौथं स्पष्टीकरण सुचत नसेल तर 'लक्ष जाणं' आणि 'नमुना निवड' या दोन जागा आधी तपासा, तिथे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. हे एक पान तयार ठेवून मुलाखतीला गेलात तर "दुसरं काही स्पष्टीकरण?" या प्रश्नाला तुम्ही अडखळणार नाही.

पुढच्या लेखात बेसलाइन किती लांब असावी, यावर बोलू.